सन्मानाच्या भिंतीवर नाव कसं लागतं?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'खेळ आणि आपला समाज'. विषय मोठा आहे. मी त्यातला एक छोटा तुकडा निवडला आहे. खेळाडू खेळून मोकळा होतो, प्रशिक्षक शिकवून निवृत्त होतो. त्यानंतर त्यांची आठवण कोण ठेवतं आणि कशी ठेवतं, एवढंच मी बोलणार आहे.

हा विषय निवडायला एक कारण आहे. तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या गावात गुणगौरव समारंभ घेता. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, फोटो. चांगलं काम आहे, ते सोडू नका. पण त्या समारंभाचं स्वरूप एकदा बघा. काल निकाल लागला, आज सत्कार झाला. व्यासपीठावर पाहुणे वीस, सत्कारमूर्ती पाच. फ्लेक्सवर पाहुण्यांचे फोटो मोठे आणि मुलामुलींचे तिकिटाएवढे. ज्यांनी त्या मुलांना पहाटे पाचला उठवून मैदानावर पळवलं ते सर पहिल्या रांगेतसुद्धा नसतात. आणि दोन वर्षांनी कुणाचा सत्कार झाला होता, हे सत्कार करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवलं. कपाटातले जुने कप पुसताना माझ्या लक्षात यायचं की कपावर स्पर्धेचं नाव आहे, साल आहे, 'विजेता संघ' असंही आहे, पण संघात कोण होतं ते कुठेच नाही. कप राहिला, माणसं गेली. आपल्याकडे आंतरविद्यापीठ क्रीडा स्पर्धांमधल्या सर्वोत्तम विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाचा चषक मिळतो. १९५६-५७ पासूनची ही परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण तो चषक विद्यापीठाला मिळतो आणि तो फिरता असतो. ज्यांच्या घामावर तो आला, त्यांची नावं टिकवायची तर वेगळी सोय लागते.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी अशी एक सोय केली आहे. तिला ते 'हॉल ऑफ फेम' म्हणतात. आपण तिला सन्मानाची भिंत म्हणू. आपल्या विद्यापीठात शिकलेले नामवंत खेळाडू आणि तिथे शिकवून गेलेले प्रशिक्षक यांची निवड करायची, त्यांना समारंभपूर्वक बोलवायचं आणि त्यांचं नाव, छायाचित्र, कामगिरी कायमची लावून ठेवायची.

या कल्पनेचा अमेरिकेतला उगमही एका विद्यापीठातच आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाने आपल्या ब्राँक्समधल्या आवारात थोर अमेरिकनांसाठी एक उघडी कमानदार ओसरी बांधली, तिचं उद्घाटन १९०१ मध्ये झालं. तिथे लेखक, शास्त्रज्ञ, राजकारणी यांचे कांस्य अर्धपुतळे बसवले. पुढे खेळांनी ती कल्पना उचलली. त्या मूळ ओसरीचं पुढे काय झालं, तेही ऐका. विद्यापीठाने १९७३ मध्ये ते आवार विकलं. पैसे संपले. निवडून आलेल्या काही जणांचे पुतळे कधी बसलेच नाहीत. आणि २०१७ मध्ये तिथले दोन पुतळे काढून टाकले. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचे सेनापती रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन यांचे ते पुतळे होते. म्हणजे सन्मानाची भिंत काही आकाशातून पडत नाही. ती माणसं बांधतात, माणसं विसरतात आणि माणसंच दुरुस्त करतात. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होईल.

आता ही भिंत चालते कशी, ते थोडक्यात. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, पण साधारण रीत सारखीच आहे. एक, खेळाडूने विद्यापीठ सोडल्यावर काही वर्षं जावी लागतात, बहुतेक ठिकाणी पाच किंवा दहा. दोन, कुणीतरी नाव सुचवावं लागतं, लेखी, कामगिरीच्या नोंदींसह. तीन, एक समिती त्यावर विचार करून मतदान करते. चार, खेळाडूंबरोबर प्रशिक्षकांचा आणि विद्यापीठाच्या खेळासाठी राबलेल्या इतरांचाही विचार होतो. काही ठिकाणी अख्ख्या संघाला एकत्र मान देतात.

यातला पहिला नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. थांबण्याचा. आपल्याकडे खेळाडूला एका सामन्यात डोक्यावर घेतात आणि एका सामन्यात पायाखाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्धचा टी-२० सामना हरल्यावर मोहम्मद शमीला समाजमाध्यमांवर काय काय ऐकावं लागलं, ते तुम्ही वाचलं आहे. त्याचा धर्म काढला गेला. कर्णधार विराट कोहली त्याच्या बाजूने उघडपणे बोलला, हेही तुम्हाला आठवत असेल. दोनच वर्षांनी, २०२३ च्या विश्वचषकात शमीने २४ बळी घेतले, स्पर्धेत सगळ्यांत जास्त, तेव्हा तीच माध्यमं त्याच्या आरत्या ओवाळत होती. शिवी आणि आरती दोन्ही रात्रीत तयार होतात. थांबण्याचा नियम या दोन्हींपासून वाचवतो. धूळ बसू द्या, मग बघू माणूस केवढा होता, असं तो सांगतो.

आता एक खरी भिंत पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं लॉस एंजेलिसमधलं आवार, यूसीएलए. त्यांनी क्रीडा सन्मानाची भिंत १९८४ मध्ये सुरू केली. त्या यादीत जॅकी रॉबिन्सन आहे. या विद्यापीठात चार खेळांत संघाचा मानकरी ठरलेला तो पहिला खेळाडू. पुढे १९४७ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत त्यानेच फोडली. टेनिसपटू आर्थर अ‍ॅश आहे, १९७५ चा विम्बल्डन विजेता. आणि करीम अब्दुल-जब्बार आहे.

करीमची गोष्ट तुम्हाला थोडी सविस्तर सांगतो, कारण ती नावाची गोष्ट आहे, आणि नाव हा आपल्या सगळ्यांचा नाजूक विषय आहे. भाड्याने घर बघायला गेलं की पहिला प्रश्न नावाचाच असतो.

न्यूयॉर्कमध्ये १९४७ मध्ये जन्मलेला हा मुलगा. नाव ल्यू अल्सिंडर, घर कॅथलिक. उंची सात फूट दोन इंच. १९६५ मध्ये यूसीएलएत आला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात जागा नसे. पुढच्या तीन वर्षांत त्याच्या संघाने ८८ सामने जिंकले आणि फक्त दोन हरले. १९६७, १९६८ आणि १९६९, तिन्ही वर्षं राष्ट्रीय विजेतेपद. १९६७ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये चेंडू वरून जाळीत आदळण्यावरच बंदी घातली गेली, ती जवळजवळ दहा वर्षं टिकली. ही बंदी याच्यासाठीच आहे, असं त्या वेळी सगळे म्हणत.

विद्यापीठात असताना त्याने माल्कम एक्सचं आत्मचरित्र वाचलं. १९६८ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला. त्याच वर्षी काळ्या लोकांवरच्या अन्यायाच्या निषेधार्थ तो मेक्सिको ऑलिम्पिकच्या संघात गेला नाही. १९७१ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने करीम अब्दुल-जब्बार हे नाव जाहीरपणे घेतलं. म्हणजे बघा, विद्यापीठासाठी जे काही जिंकलं, ते सगळं 'अल्सिंडर' या नावाने जिंकलं. विद्यापीठाला म्हणता आलं असतं की आमच्या दप्तरात तर अल्सिंडरच आहे. पण सन्मानाच्या यादीत त्याला त्याने स्वतः निवडलेल्या नावाने मान आहे. १९९० मध्ये यूसीएलएने त्याचा ३३ क्रमांक कायमचा निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही, तोही करीम अब्दुल-जब्बारचा म्हणून.

पण याच भिंतीवर आणखी दोन नावं आहेत, ती आपण फारशी वाचत नाही. एक वॉल्ट हॅझर्ड. १९६४ मध्ये यूसीएलएला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं, त्या संघाचा कणा. त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक. त्यानेही पुढे इस्लाम स्वीकारला, महदी अब्दुल-रहमान हे नाव घेतलं. पण त्या नावाचा कामधंद्यात तोटा होतो असं त्याला दिसलं आणि लोकांमध्ये तो पुन्हा हॅझर्ड म्हणून वावरू लागला. १९८४ मध्ये तो यूसीएलएचा प्रशिक्षकही झाला, तो याच नावाने. दुसरा जमाल विल्क्स. मूळ नाव कीथ विल्क्स. त्याने इस्लाम स्वीकारला, नाव बदललं, पण लोक ओळखतात म्हणून आडनाव विल्क्सच वापरत राहिला.

एकाच विद्यापीठाचे तीन खेळाडू, एकच धर्म, आणि नावाचे तीन वेगळे निर्णय. एकाने पूर्ण नवं नाव लावलं आणि जगाला ते उच्चारायला लावलं. दुसऱ्याला जुन्याकडे परतावं लागलं. तिसऱ्याने मधला रस्ता काढला. यातला कोण जास्त चांगला मुसलमान, हा प्रश्न मला विचारू नका. तो प्रश्नच चुकीचा आहे. मला त्या भिंतीबद्दल एवढंच सांगायचं आहे की तिने तिघांनाही जागा दिली, आणि ज्याला ज्या नावाने ओळखलं जावंसं वाटलं त्या नावाने दिली. सन्मान देताना माणसाला छाटून आपल्या मापाचा करायचा नसतो, हे तिथून शिकण्यासारखं आहे. आपल्या समाजालाही ते शिकावं लागेल. व्हॉट्सॅपवर याद्या फिरतात, 'हेही आपलेच'. त्यांत माणसाचं मुसलमान असणं तेवढं राहतं. तो कुणाकडे शिकला, कुणाबरोबर खेळला, कशासाठी भांडला, हे सगळं गळून जातं.

कुणाकडे शिकला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ती भिंत नुसती खेळाडूंची नाही. करीम, हॅझर्ड आणि विल्क्स, तिघांचा प्रशिक्षक एकच होता. जॉन वुडन. तोही त्या यादीत आहे. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांतली सात सलग. पण हा आकडा सांगताना लोक एक गोष्ट गाळतात. वुडन यूसीएलएत आला १९४८ मध्ये. पहिलं विजेतेपद आलं १९६४ मध्ये, त्याच्या सोळाव्या हंगामात. आपल्याकडे क्रीडाशिक्षकाला सोळा वर्षं कोण थांबू देतं? तीन वर्षांत कप आला नाही की तास काढून घेतात आणि निवडणुकीच्या याद्यांच्या कामाला लावतात.

हंगामाच्या पहिल्या दिवशी वुडन त्या उंच उंच पोरांना काय शिकवायचा, माहीत आहे? मोजे आणि बूट कसे घालायचे. मोज्याला सुरकुती राहिली तर पायाला फोड येतो. फोड आला की सराव बुडतो. एवढं साधं. शिकवणं हे असंच असतं. त्याचा फोटो निघत नाही.

पण केवळ विजेतेपदांसाठी वुडनचं नाव घ्यावं असं मला वाटत नाही. यूसीएलएत येण्याआधी तो इंडियाना राज्यातल्या एका शिक्षक महाविद्यालयात प्रशिक्षक होता. १९४७ मध्ये त्याच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. त्या स्पर्धेत काळ्या खेळाडूंना बंदी होती आणि वुडनच्या संघात क्लॅरन्स वॉकर नावाचा एक काळा खेळाडू होता. तो काही संघातला मोठा तारा नव्हता. त्याला घरी ठेवून जाता आलं असतं. वुडनने आमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेने बंदी उठवली, वॉकर खेळला. त्या स्पर्धेत खेळलेला तो पहिला काळा खेळाडू.

वुडन श्रद्धाळू ख्रिस्ती होता, रोज बायबल वाचणारा. करीमने वुडनवर २०१७ मध्ये एक पुस्तक लिहिलं, पन्नास वर्षांच्या मैत्रीचं. दोघांचा धर्म वेगळा, वर्ण वेगळा, पिढी वेगळी, राजकारणही वेगळं. तरी ती मैत्री २०१० मध्ये वुडन वारला तोपर्यंत टिकली. धार्मिक सलोख्यावर आपण परिसंवाद घेतो, ठराव करतो. मैदानावर तो असा होतो, रोज दोन तास, घाम गाळत.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की सर अमेरिकेचं कौतुकच करत सुटले. विद्यापीठांनी नेहमी वेळेवर न्याय केलेला नाही. सान होजे स्टेट विद्यापीठाचे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरच्या शर्यतीत सुवर्ण आणि कांस्य जिंकलं आणि पदक घेताना काळे हातमोजे घातलेली मूठ वर केली. दोघांना संघातून काढून घरी पाठवलं. पुढची कित्येक वर्षं त्यांना काम मिळवायला झगडावं लागलं. त्यांच्या विद्यापीठाने आवारात त्यांचा पुतळा उभा केला २००५ मध्ये. सदतीस वर्षांनी. त्या पुतळ्यात दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे. तिथे ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन उभा होता. त्यानेही त्या दिवशी मानवी हक्कांचा बिल्ला लावून दोघांना साथ दिली होती. त्यानेच सांगितलं की माझी जागा रिकामी ठेवा, येणाऱ्याला तिथे उभं राहता येऊ दे.

महमूद अब्दुल-रऊफचंही तसंच. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून तो क्रिस जॅक्सन या नावाने दोन हंगाम खेळला, १९९० मध्ये व्यावसायिक संघात गेला, पुढच्या वर्षी त्याने इस्लाम स्वीकारला. लहानपणापासून त्याला टुरेट सिंड्रोम होता, म्हणजे शरीराला आपोआप झटके येण्याचा आजार. तरी त्याचा नेम असा होता की बघत राहावं. १९९६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी उभं न राहिल्यामुळे त्याच्यावर बंदी आली. मग तो उभा राहून दुआ मागेल, असा तोडगा निघाला. पण त्याच्या कारकिर्दीला उतरती कळा लागली ती लागलीच. त्याची भूमिका तुम्हाला पटो वा न पटो. मला स्वतःला राष्ट्रगीताला उभं राहण्यात काहीच अडचण वाटत नाही, मी आनंदाने राहतो. मुद्दा तो नाही. त्याने विद्यापीठासाठी जे केलं, ते त्या वादाने पुसलं जात नाही. विद्यापीठाने ते मान्य केलं आणि त्याचा ३५ क्रमांक निवृत्त केला, २०२० मध्ये. तीस वर्षं लागली.

उशीर झाला, पण झालं कसं? कुणीतरी सतत आठवण करून दिली म्हणून. सान होजेमध्ये ही मागणी विद्यार्थ्यांनी लावून धरली. स्मिथ आणि कार्लोस धावले, तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. नाव सुचवणारा नसेल तर समितीसमोर नाव येतच नाही. ज्याच्यामागे माणसं नाहीत तो विसरला जातो. हा कट नसतो, बहुतेक वेळा ती नुसती अनास्था असते. आणि अनास्थेवर उपाय आपल्या हातात असतो.

आता आपल्या मातीकडे येऊ. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव. हेलसिंकी, १९५२, कुस्तीतलं कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या प्रवासाला पैसे नव्हते, तेव्हा त्यांचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला, पण तो मरणोत्तर. १९८४ मध्ये ते गेले, त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. खाशाबांचं नाव आज सगळ्यांना माहीत आहे. आता मला सांगा, एखाद्या महाविद्यालयाने भिंत उभारली तर तिच्यावर खर्डेकरांसारख्या प्राचार्याची जागा नको का?

दुसरं नाव सय्यद अब्दुल रहीम. आपल्या मराठवाड्यातली मुलं पूर्वी पदवीसाठी ज्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात जात, तिथलेच ते विद्यार्थी. तिथेच फुटबॉल खेळले. पेशाने शाळामास्तर. पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९५१ च्या आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांमध्ये सुवर्णपदक, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक. १९६२ ला जकार्तात संघ जिंकला तेव्हा त्यांना कर्करोग झालेला होता. १९६३ मध्ये ते गेले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ मध्ये. २०२४ मध्ये 'मैदान' हा चित्रपट आला, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. ज्या माणसाने देशाला दोन सुवर्णपदकं दिली, त्याची ओळख करून द्यायला सिनेमा यावा लागला.

आणि मुली? अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना भेदभाव करून वगळता येणार नाही. त्याआधी तिथल्या भिंतींवरही बाया जवळजवळ नव्हत्या, कारण मैदानच दिलेलं नव्हतं. यूसीएलएत संपूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती मिळालेली पहिली मुलगी अ‍ॅन मायर्स. १९९० मध्ये करीमचा क्रमांक निवृत्त झाला, तेव्हा तिचाही झाला. ड्यूक विद्यापीठाची इब्तिहाज मुहम्मद हिजाब घालून तलवारबाजी खेळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेऊन आली.

आपल्या नांदेडच्या पलीकडे, तेलंगणात निजामाबाद आहे. तिथली निखत झरीन २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. तिला खेळाची पहिली वाट तिच्या अब्बांनी दाखवली. मुलीला चड्डी घालून रिंगणात कशाला पाठवता, असं विचारणारे नातेवाईक तिलाही होते. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यासाठी पहिली भिंत महाविद्यालयातली नाही. ती घराच्या दाराशी आहे. आणि भावांनो, बहिणीला मैदानावर सोडायला जाणं आणि 'लोक काय म्हणतील'ला उत्तर देणं हेही प्रशिक्षकाचंच काम आहे. ज्या घरातून पोरीला खेळायला जाऊ दिलं जात नाही, त्या घराने निखतचा फोटो स्टेटसला ठेवू नये.

मग आपण काय करायचं? काही जण मला म्हणतात, सर, आपण आपली मुस्लिम खेळाडूंची वेगळी भिंत करू. मला ते पटत नाही. वेगळी भिंत म्हणजे आपण स्वतःच मान्य केलं की सामाईक भिंतीवर आपली जागा नाही. ती आपलीसुद्धा भिंत आहे. ज्या महाविद्यालयात आपण शिकलो, त्याच्या दारातच आपलं नाव लागलं पाहिजे, इतरांच्या नावांच्या शेजारी.

आणि ते शेजार काही नवं नाही. आपल्या खेळाची भाषाच तपासा. पैलवान, कुस्ती हे शब्द फारसीतून आले. तालीम अरबीतून. आणि शिकवणारा वस्ताद, तो तर उस्तादच. कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीत लोळणाऱ्या पोराला हे शब्द कुठून आले याची फिकीर नसते, ते त्याचेच असतात. जे भाषेत झालं आहे, ते भिंतीवर उमटवणं एवढंच आपलं काम.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना आणि माजी विद्यार्थी संघाला एक लेखी प्रस्ताव द्यावा. खर्च फार नाही. एक भिंत, पाच चौकटी. पहिल्या वर्षी पाचच नावं. त्यांत निदान दोन महिला आणि निदान एक प्रशिक्षक. महाविद्यालय सोडून दहा वर्षं झालेली असावीत. निवड समितीत माजी खेळाडू, शिक्षक आणि विद्यार्थी असावेत, पुढारी नसावेत. निकष लिहून सूचनाफलकावर लावावेत. नाव ज्याचं त्याने सांगितलं तसं लिहावं. आणि मृत व्यक्तींचाही विचार व्हावा.

प्रस्तावाबरोबर नावं द्या. त्यासाठी खणावं लागेल. महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक काढा, क्रीडा विभागाच्या नोंदवह्या बघा, स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं शोधा. जुन्या खेळाडूंच्या घरी जा. मोहल्ल्यात एखादे चाचा असतील, साठी ओलांडलेले, गुडघे दुखणारे. ते विद्यापीठाच्या संघातून हॉकी खेळले होते, हे त्यांच्या नातवालाही माहीत नसेल. त्यांचं प्रमाणपत्र पेटीच्या तळाशी असेल. त्याचा फोटो काढा. आणि त्यांना एक प्रश्न नक्की विचारा, 'तुम्हाला कुणी शिकवलं?' ते जे नाव सांगतील, ते कदाचित कुलकर्णी असेल, कांबळे असेल, डिसोझा असेल. ते नावही त्याच कागदावर लिहा. फक्त आपली नावं घेऊन गेलात तर तुम्ही एका समाजाचे प्रतिनिधी ठराल. सगळ्यांची नावं घेऊन गेलात तर त्या महाविद्यालयाचे वारस ठराल. मला तुम्हाला वारस झालेलं बघायचं आहे.

पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे. तोपर्यंत प्रत्येकाने एक खेळाडू आणि त्याला किंवा तिला शिकवणारा एक माणूस, अशी दोन नावं पुराव्यासकट आणायची. माझी दोन नावं मी काढून ठेवली आहेत. तुमची आणा.